रंगाखालचे काम : स्प्रे पेंटिंग, भट्टी आणि पावडर कोटिंगची ओळख



आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी कितीतरी घरांतले कोणी ना कोणी उद्यमबाग, मच्छे, होनगा किंवा ऑटोनगरच्या कारखान्यांत कामाला आहे. कोणाचा मुलगा फाउंड्रीत, कोणाचा जावई मशीन शॉपमध्ये, तर कोणी स्वतःच दोन लेथ घालून छोटे युनिट चालवतो. बेळगावची ओतीव कामे, हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि क्रँकशाफ्ट दूरदूरपर्यंत जातात याचा आपल्याला अभिमान आहे. पण या मालाला शेवटी जो रंग लागतो, त्याबद्दल घरात फारसे बोलणे होत नाही. "पेंटिंगला आहे" एवढेच सांगितले जाते. ऐकणाऱ्याला वाटते, हातात गन धरायची आणि फवारा मारायचा, त्यात काय एवढे?

या लेखात आम्ही तेच सोपे करून सांगणार आहोत. रंग कसा बसतो, भट्टीत काय होते, पावसाळ्यात काम का बिघडते, आणि रंग मारणाऱ्या माणसाने स्वतःला कसे जपायचे. सगळ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : रंग टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा रंग लागण्याच्या आधीच ठरलेले असते.

लोखंडाला रंग कशासाठी?

शोभेसाठी, हे तर खरेच. पण मुख्य काम संरक्षणाचे. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज सुरू होतो. त्यात मीठ किंवा घाम मिसळला की तो वेगाने वाढतो. मशीनिंग झालेल्या भागावर उघड्या हाताचे ठसे राहिले, तर काही दिवसांत बोटांच्या आकाराचा तांबूस डाग उमटतो, तो याच कारणाने.

गंजाची एक वाईट खोड अशी, की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंगाखाली थोडासा गंज राहिला, तरी तो फुगतो आणि वरचा रंग उचलतो. आधी बारीक फोड येतो, मग पोपडा सुटतो, त्यात पाणी शिरते आणि गंज आणखी पसरतो. कोणताही रंग पाण्याला शंभर टक्के अडवत नाही, थोडी वाफ त्यातून जातेच. रंग वाचवतो तो मुख्यतः धातूला घट्ट चिकटून राहिल्यामुळे. पकड सुटली, की वरचा थर कितीही जाड आणि चकचकीत असो, त्याचा उपयोग संपला.

थोडा इतिहास, त्यात आपल्या बेळगावचाही

धातूवर रंग भाजण्याची कला जुनी आहे. पूर्वेकडच्या देशांतली लाखेची चकचकीत भांडी पाहून युरोपातल्या कारागिरांनी पत्र्यावर काळे रोगण चढवून ते भट्टीत भाजायला सुरुवात केली. अठराव्या शतकात वेल्समधले पाँटिपूल हे गाव अशा भांड्यांसाठी प्रसिद्ध झाले. आजीच्या जुन्या शिवणयंत्राचा काळाभोर, वर सोनेरी वेलबुट्टी असलेला रंग अनेकांना आठवत असेल. तो याच पद्धतीतला.

फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत असे. डांबरासारख्या पदार्थापासून बनलेले ते काळे रोगण भट्टीत भाजून पक्के करत. ते स्वस्त होते आणि टिकाऊही. त्याआधी गाड्यांना ब्रशाने थरावर थर देऊन वाळवत ठेवण्यात आठवडे जात. पुढे १९२० च्या दशकात झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. हे लॅकर ब्रशाने नीट लागत नसे, इतके ते लवकर वाळे. त्यामुळे स्प्रे गनचे महत्त्व वाढले.

ही स्प्रे गन आली कुठून? अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डिव्हिल्बिस हे घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात औषधाचा बारीक फवारा मारण्यासाठी त्यांनी एक उपकरण केले. त्यांच्या मुलाने तेच तत्त्व वापरून रंगासाठी गन बनवली. आज कारखान्यात जी गन दिसते, तिचे मूळ दवाखान्यात आहे.

आणि आपले बेळगाव? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथेच सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट या विषयाला साजेशी आहे. ते तरुणपणी चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले. चित्रकला सुटली आणि ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले.

सात टाक्यांची गोष्ट

आता कारखान्यात येऊ. पत्र्याचे भाग, म्हणजे पॅनेल, ब्रॅकेट, कव्हर, कपाटाचे पल्ले, रंगायला आले की आधी त्यांची अंघोळ होते. आपल्याकडे याला सरळ "सेव्हन टँक प्रोसेस" म्हणतात. टाक्यांचा क्रम कारखान्यागणिक थोडा बदलतो, पण साधारण असा असतो :

१. तेल काढणे : गरम अल्कलीच्या द्रावणात जॉब बुडवतात. प्रेसचे तेल, ग्रीस, हाताचा चिकटपणा निघतो.
२. पाण्याने धुणे.
३. गंज काढणे : आम्लाच्या टाकीत.
४. पुन्हा पाण्याने धुणे.
५. फॉस्फेटिंग : लोखंडावर फॉस्फेटच्या अगदी बारीक स्फटिकांचा करडा थर चढतो.
६. पुन्हा धुणे.
७. पॅसिव्हेशन : फॉस्फेटच्या थरातली उरलीसुरली छिद्रे बंद करणारे शेवटचे द्रावण.

त्यानंतर ओव्हनमध्ये वाळवणे. मग उघड्या हाताने हात लावायचा नाही आणि फार वेळ ठेवायचेही नाही.

या सातांत महत्त्वाची पाचवी टाकी. गुळगुळीत लोखंडावर रंगाला धरायला काही नसते. फॉस्फेटचे स्फटिक खरखरीत असतात, त्यांत रंग रुतून बसतो. नव्या भिंतीला गिलावा करण्याआधी गवंडी टाचे मारतो, तसाच हा प्रकार. शिवाय रंगावर ओरखडा पडला, तरी गंज रंगाखाली आडवा पसरत नाही, त्या रेषेपाशीच बराच काळ थांबतो.

पण पाचवी टाकी चांगली असून भागत नाही, पहिली बिघडली तर सगळेच बिघडते. तेल राहिलेल्या जागी फॉस्फेट चढतच नाही. हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे आणि तिला कसलेही यंत्र लागत नाही. धुऊन काढलेल्या जॉबवर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याचा पडदा सलग राहिला तर तेल गेले. पाणी फाटून थेंब थेंब झाले तर तेल आहे, जॉब परत पहिल्या टाकीत.

धुण्याच्या टाक्यांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते, कारण त्यांत "नुसते पाणी" असते. पाणी वेळेवर बदलले नाही तर आधीच्या टाकीतले क्षार जॉबसोबत पुढे जातात, रंगाखाली अडकतात आणि ओल ओढून घेतात. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाकडे फोड येतात आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो.

ओतीव भागांचे तंत्र वेगळे

बेळगाव काय, कोल्हापूर काय, आपल्या भागात पत्र्याइतकेच, किंबहुना जास्तच, काम बिडाचे. पंपाची बॉडी, गिअर बॉक्स, मोटरचे कव्हर. अशा कास्टिंगला शॉट ब्लास्टिंग करतात. पोलादाच्या बारीक गोळ्या जोराने मारल्या की वाळू आणि पापुद्रा निघतो, आणि पृष्ठभाग एकसारखा करडा व खरखरीत होतो. ब्लास्टिंग झालेले लोखंड अगदी उघडे असते. दमट हवेत त्यावर काही तासांत तांबूस झाक येते. म्हणून ब्लास्टिंग आणि प्रायमर यांत रात्र जाऊ देऊ नये.

कास्टिंगची दुसरी अडचण पोटातल्या हवेची. बिडात बारीक छिद्रे असतात. रंगून भट्टीत घातले की त्यांतली हवा आणि शिरलेले तेल तापून बाहेर येते आणि मऊ झालेल्या रंगातून टाचणीएवढे भोक पाडते. उपाय असा, की कास्टिंग रंगाआधीच एकदा भाजून घ्यायचे, तेही पुढच्या भट्टीच्या तापमानापेक्षा थोडे जास्त. जे बाहेर यायचे ते आधीच येऊ द्यायचे. मोठे खड्डे लांबी भरून घासतात, पण भट्टीत जाणाऱ्या जॉबला त्या तापमानाला टिकणारीच लांबी लागते. साधी लांबी भाजून तडकते.

गन धरणारा हात

पातळ रंगाच्या कामात पहिली गोष्ट घट्टपणा. पेंटर रंगात थिनर घालतो, ते अंदाजाने घालू नये. तळाला ठरावीक भोक असलेला कप भरायचा आणि तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. रंग बनवणारी कंपनी हा आकडा देते. सकाळी थंड असलेला रंग दुपारी पातळ होतो, म्हणून मोजमाप दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा करावे.

दुसरी गोष्ट हाताची. गन पृष्ठभागाशी काटकोनात, साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, आणि संपूर्ण फटक्यात अंतर तेच. मनगट कमानीसारखे फिरवले तर मध्ये जाड आणि कडेला विरळ थर पडतो. म्हणून मनगट वळवायचे नाही, हात खांद्यापासून सरकवायचा. जॉबच्या थोडे आधी ट्रिगर दाबायचा, जॉब ओलांडल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर यायला हवा. कडा आणि कोपरे आधी, सपाट भाग नंतर.

दोष पाहून कारण ओळखता येते :

• ओघळ : गन फार जवळ, हात फार सावकाश किंवा थिनर जास्त.
• संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग : रंग घट्ट किंवा हवा कमी, त्यामुळे थेंब मोठे पडले आणि पसरले नाहीत.
• खरखरीत, कोरडा थर : गन लांब, थेंब वाटेतच वाळले.
• मध्ये बारीक बिंदू असलेले गोल खड्डे : तेल किंवा सिलिकॉन. बऱ्याचदा कॉम्प्रेसरच्या हवेतून आलेले.

साध्या गनने मारलेल्या रंगापैकी साधारण तिसरा हिस्साच जॉबवर बसतो, उरलेला हवेत उडतो. कमी दाब आणि जास्त हवा या तत्त्वावरची एचव्हीएलपी गन वापरली तर हे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत किंवा वरही जाते. गन महाग असते, पण उडालेल्या रंगाचे पैसे आणि तो श्वासात जाण्याचे नुकसान, दोन्ही कमी होतात.

बेळगावचा पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या पेंट शॉपना कसोटीचे. पावसाळ्यात काम बिघडते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण नेमके का, हे समजले तर बरेच टळते.

हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते, त्याला दवबिंदू म्हणतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तेच. समजा, हवा २५ अंश सेल्सिअस आहे आणि आर्द्रता ९० टक्के. तेव्हा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो. नियम असा, की धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवे. म्हणजे या हवेत लोखंड २६ अंशांपेक्षा थंड असेल तर रंगू नये. रात्रभर शेडमध्ये पडलेले जाड कास्टिंग सकाळी हवेपेक्षा थंडच असते. डोळ्यांना दिसत नाही इतकी ओल त्यावर बसलेली असते आणि आपण तिच्यावर रंग मारतो. उपाय सोपा : आधी जॉब कोमट करून घ्या.

दुसरे, थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो. हाताला स्पिरिट लावल्यावर गार वाटते ना, तसे. थंड झालेल्या ओल्या रंगावर हवेतली वाफ बसते आणि झटपट वाळणाऱ्या लॅकरवर पांढुरकी झाक येते. अशा दिवसांत सावकाश उडणारे थिनर वापरतात.

तिसरे, कॉम्प्रेसर. दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीत साठते. ते रोज काढावे लागते. पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा. टाकीच्या खालचा तो छोटा नळ उघडायला एक मिनिट लागते. ते मिनिट वाचवले तर गनमधून रंगासोबत पाणी येते.

भट्टीत काय होते?

भट्टीत रंग "वाळतो" असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. कुंभाराचे कच्चे मडके उन्हात वाळते तेव्हा त्यातले पाणी जाते. पण ते पाण्यात टाकले तर पुन्हा चिखल होतो. आव्यात भाजल्यावर मात्र ते विरघळत नाही, कारण मातीच बदललेली असते. भाजलेल्या रंगाचे तसेच आहे. ठरावीक उष्णता मिळाली की रंगातल्या रेझिनचे लांब धागे एकमेकांशी रासायनिक गाठींनी बांधले जातात आणि जाळे तयार होते. मग तो थिनरने सुटत नाही आणि पुन्हा तापवला तरी वितळत नाही.

पातळ रंगातले स्टोव्हिंग इनॅमल साधारण १२० ते १५० अंशांना, २० ते ३० मिनिटे भाजतात. त्याला आधी दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवून थिनर उडू द्यावे लागते. घाईने आत ढकलले तर वरची साय आधी घट्ट होते आणि खालचे थिनर उकळून फोड आणते.

पावडर कोटिंगमध्ये थिनरच नसते. रेझिन, रंगद्रव्य आणि हार्डनर एकत्र करून दळलेली कोरडी पूड असते. गनच्या टोकाला ६० ते १०० किलोव्होल्टचा दाब असतो, पण करंट अत्यल्प. त्यातून जाणारे कण भारित होतात आणि अर्थिंग केलेल्या जॉबकडे ओढले जातात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे. खाली पडलेली स्वच्छ पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते. मग जॉब भट्टीत जातो, पावडर वितळते, पसरते आणि साधारण १८० ते २०० अंशांना १० ते १५ मिनिटांत पक्की होते.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली अर्थिंग. हूकवर आधीच्या रंगाचे थर साचले की जॉब आणि जमीन यांचा संबंध तुटतो. पावडर बसत नाही, कामगार व्होल्टेज वाढवतो आणि झटके बसू लागतात. ठिणगी पडली तर पावडरचा धुरळा पेटूही शकतो. हूक नियमित साफ करणे हाच उपाय. दुसरी आतल्या कोपऱ्यांची. विद्युतभार बाहेरच्या कडांवरच ओढला जातो, त्यामुळे खोल कोपऱ्यात पावडर शिरत नाही. तिथे व्होल्टेज कमी करून, हळू हवेने, आधी कोपरे भरून घ्यावे लागतात.

छोट्या उद्योजकांसाठी एक हिशेब. पावडरची घनता १.५ धरली, तर १ किलो पावडर ६० मायक्रॉन जाडीने हिशेबाप्रमाणे ११ चौरस मीटर जागा झाकते. थर १०० मायक्रॉनचा पडला तर तीच पावडर ७ चौरस मीटरही पुरत नाही. जाड थर म्हणजे मजबूत थर असा समज आहे, पण गरजेपेक्षा जाड थर खडबडीत दिसतो, वाकवला तर तडकतो आणि पैसाही जास्त खातो. जाडी मोजायचे छोटे यंत्र काही महिन्यांत आपली किंमत भरून काढते.

आणि सगळ्यात मोठी गफलत तापमानाची. भट्टीचा काटा हवेचे तापमान दाखवतो, जॉबचे नाही. "२०० अंशांना १० मिनिटे" याचा अर्थ धातू त्या तापमानाला पोचल्यानंतरची १० मिनिटे. पातळ पत्रा चार-पाच मिनिटांत तापतो, जाड कास्टिंगला अर्धा तासही लागू शकतो. दोन्ही एकाच वेळी आत घालून एकाच वेळी काढले, तर कास्टिंगवरचा रंग कच्चा राहतो. वाईट असे, की कच्चा रंग दिसायला अगदी पक्क्यासारखा चकचकीत असतो. नखाने नाही, पण पहिल्या पावसाने तो ओळखू येतो.

पक्का की कच्चा, कसे ओळखावे?

तीन परीक्षा कोणत्याही छोट्या शॉपमध्ये करता येतात. एक, एमईके नावाच्या द्रावकात भिजवलेला कापूस रंगावर पुढे-मागे घासायचा. कापसाला रंग लागला किंवा चकाकी मेली, तर भाजणे अपुरे. हे करताना हातमोजे घालावेत आणि जवळ ठिणगी नसावी. दोन, धारदार पात्याने उभ्या-आडव्या रेषांची जाळी कापायची, चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटकन ओढायची. चौकोन निघून आले तर पकड नाही. ही बहुतेक वेळा टाक्यांची चूक. तीन, जाडी मोजणे.

मोठे गिऱ्हाईक मिठाच्या फवाऱ्याची परीक्षा मागते. बंद पेटीत ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ठरलेले तास सतत मारतात आणि ओरखड्यापासून गंज किती सरकला ते मोजतात. इथे नापास होणारे जॉब बहुधा रंगामुळे नापास होत नाहीत, रंगाखालच्या कामामुळे होतात.

यात पणाला काय लागते ते बघा. जॉब रंगाला येतो तेव्हा त्यात लोखंड, ओतकाम, मशीनिंग, वीज आणि कित्येकांची मजुरी आधीच घातलेली असते. रंगावर नाकारलेला भाग म्हणजे हे सगळे परत. रंग काढून पुन्हा करायला पहिल्यापेक्षा जास्त खर्च येतो, आणि दोनदा असे झाले की काम दुसऱ्या गावाला जाते.

आणि रंग मारणाऱ्याचा श्वास

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा अशी आमची विनंती आहे.

थिनरमधल्या टोल्युइन, झायलीनसारख्या द्रव्यांनी डोके जड होते, चक्कर येते, मळमळते. "सवय होते" असे म्हणतात, पण सवय झाली ती नाकाला. शरीरात जायचे ते जातच राहते. दोन डब्यांतून मिसळायच्या पीयू रंगाचा धोका वेगळा आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला, की नंतर अगदी थोड्या फवाऱ्यानेही दम लागतो. त्याला विशेष वास नसतो, म्हणून वास येत नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये.

नाकाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क यातले काहीच अडवत नाही. थिनरच्या वाफेला कार्बन काडतुसाचा मास्क लागतो आणि काडतूस वेळेवर बदलावे लागते. पीयूच्या फवारणीसाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हाच भरवशाचा. पावडरमध्ये थिनर नसले तरी धूळ असते. तिथेही धुळीचा योग्य मास्क हवा, आणि बूथचा पंखा गाळण्यांसह चालू हवा.

घरी ओळखायच्या खुणा : रात्री कोरडा खोकला येतो, छाती आवळते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटते. असे असेल तर डॉक्टरांना "पेंटिंगचे काम करतो, हार्डनरचा रंग मारतो" हे स्पष्ट सांगा. नुसते "खोकला आहे" म्हटले तर खोकल्याचे औषध मिळते आणि कारण तसेच राहते. कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या अनुसूचीत व्यवसायातून होणाऱ्या दम्याचा समावेश आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर कामाची नोंद केस पेपरवर होऊ द्या.

काही साध्या सवयी :

• हात थिनरने धुऊ नयेत. साबण किंवा हात धुण्याची पेस्ट वापरावी. थिनर त्वचेतून आत जाते.
• कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झाडू नयेत.
• बूथमध्ये खाणे, चहा, तंबाखू नको.
• कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत आणि घरी वेगळे धुवावेत. लहान मुलाला उचलण्याआधी अंघोळ करावी.

शेवटच्या सवयीचे कारण शिसे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम देशात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण तो औद्योगिक रंगांसाठी नाही. यंत्रांच्या काही पिवळ्या-केशरी रंगांत शिशाची रंगद्रव्ये असू शकतात आणि शिशाचा धोका लहान मुलांना सर्वांत जास्त. जुना रंग घासताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

टाक्यांमधल्या पाण्याबद्दलही एक शब्द. आम्ल, फॉस्फेट आणि काही जुन्या पॅसिव्हेशन द्रावणांतले षट्संयुजी क्रोमियम, जे कर्करोगकारक आहे, हे सारे प्रक्रिया न करता नाल्यात सोडले तर ते आपल्याच विहिरी आणि शेतांकडे येते. आता क्रोमियम नसलेली द्रावणे मिळतात. बदलाचा खर्च आहे, पण तो पेलण्याजोगा आहे.

काय विचारावे?

मुलगा किंवा मुलगी पेंट शॉपमध्ये कामाला लागत असेल, तर पगारासोबत एवढे विचारा : कोणता रंग मारतात? मास्क कोणता देतात, काडतूस कधी बदलतात? बूथचा पंखा चालू असतो का? ईएसआय आहे का?

आणि जे आपला माल बाहेरून रंगवून घेतात, त्यांनी किलोचा किंवा चौरस फुटाचा दर विचारण्याआधी टाक्या बघायला जावे. पाणी किती दिवसांनी बदलता, भट्टीत जॉबचे तापमान मोजता का, जाडीची नोंद ठेवता का, हे विचारावे. चांगला पेंटर या प्रश्नांनी रागावत नाही. आपल्या कामातले कळणारे कोणी भेटले म्हणून तो खुशीने दाखवतो.

आपल्या सभासदांमध्ये या क्षेत्रात अनेक वर्षे काढलेली जाणती माणसे आहेत. त्यांनी मंडळात येऊन तरुणांना दोन तास शिकवले, स्वतःच्या अनुभवाची भर घातली, तर आम्हाला आनंद होईल. पेंटिंगला आहे असे कोणी सांगितले की त्या कामात किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, हे आता घरातल्यांनाही कळेल, आणि संध्याकाळी घरी आल्यावर "मास्क घातला होतास ना?" एवढे तरी विचारले जाईल.